राइस कुकरची कळ खाली का राहते आणि 'टक्' करून वर का येते?

मोदकपात्र

माझा राइस कुकर १.८ लिटरचा, ७०० वॅटचा, एका कळीचा साधा प्रकार. कळ खाली दाबली की शिजवणे, वर आली की गरम ठेवणे. लक्षणं दोन आणि एकमेकांच्या उलट: कधी भात बुडाला लागून तांबूस होतो तरी कळ वर येत नाही, तर कधी पाणी अजून दिसत असताना सात-आठ मिनिटांतच टक्. तांदूळ तोच, मापं तीच, भांडं तेच.

आत टायमर असतो का? नसेल तर भात झाला हे त्याला कळतं कसं? 'थर्मोस्टॅट गेलाय, बदला' एवढंच उत्तर मिळतं. बदलण्याआधी नेमकं काय गेलंय ते समजून घ्यायचं आहे.

चुंबकसूची

ताई, टायमर नाही. भात झाला हेही त्याला कळत नाही. भांड्यातलं मोकळं पाणी संपलं एवढीच एक गोष्ट त्याला कळते. हे पक्कं धरलं की पुढचं सगळं उलगडतं.

पाणी उकळत असेपर्यंत भांड्याचा तळ १०० अंशांच्या आसपास अडकून राहतो. तुम्ही ७०० वॅट द्या नाहीतर १५०० द्या, जास्तीची उष्णता वाफ करण्यात जाते, तापमान चढत नाही. पाणी तांदळात मुरलं आणि उरलेलं वाफेवाटे गेलं की उष्णतेला जायला जागा राहत नाही, आणि तळाचं तापमान भराभर १०० च्या वर सरकतं. कुकर हाच क्षण पकडतो. त्याची खूणगाठ साधारण १०३ अंशांवर बांधलेली असते.

आता रचना. भांडं उचललं की गरम प्लेटच्या मधोमध एक गोल टोपी दिसते, बोटाने दाबली की खाली जाते. त्या टोपीत वरच्या बाजूला, भांड्याला लागून, एक काळी चकती पक्की बसवलेली असते. ही विशिष्ट फेराइटची, म्हणजे चुंबक जिला चिकटतो अशा पदार्थाची. तिच्या खाली दुसरी काळी चकती, ती कायमचुंबक, आणि ती वरखाली सरकू शकते. दोन्हींच्या मध्ये एक स्प्रिंग, जी चुंबकाला सतत खाली ढकलत असते. याशिवाय बाहेरून दुसरी, मोठी स्प्रिंग, जी सगळी टोपीच वर उचलून भांड्याच्या बुडाला टेकवून ठेवते. दोन स्प्रिंगा, दोन वेगळी कामं. यांची गल्लत होते म्हणून आधीच सांगतो.

चुंबकाच्या खालून एक दांडी निघते आणि तराजूसारख्या पट्टीला जोडलेली असते. पट्टीचं दुसरं टोक म्हणजे तुमची कळ. कळ खाली दाबली की आतलं टोक वर जातं, चुंबक आतल्या स्प्रिंगला दाबत वर चढतो आणि फेराइटला चिकटतो. बोट काढलं तरी कळ खालीच राहते, कारण तिला चुंबकाने धरलंय. त्याच वेळी पट्टीखाली दबलेली पितळी पत्ती मोकळी होते, तिचे वीज जोडणारे पॉइंट मिटतात आणि प्लेट तापवणाऱ्या कॉइलला पूर्ण २३० व्होल्ट मिळतात.

तापमान १०३ च्या आसपास पोचलं की फेराइटचं चुंबकत्व ढासळतं. चुंबकाची पकड सुटते, आतली स्प्रिंग त्याला खाली झटकते, पट्टी कलंडते, पत्ती दाबली जाऊन पॉइंट उघडतात आणि कळ वर येते. तो 'टक्' म्हणजे हे सगळं मिळून.

उष्णता कुठेही काही ढकलत नाही, ती फक्त पकड सोडवते. काम स्प्रिंग करते, आणि स्प्रिंगमध्ये ती ताकद तुम्ही कळ दाबताना बोटाने भरलेली असते.

अंशसेल्सिअस

फेराइटबद्दल थोडं. कुठलाही लोहचुंबकीय पदार्थ ठरावीक तापमानाच्या वर गेला की त्याचं ते चुंबकत्व जातं. लोखंडाचा हा अंक ७७० अंश, निकेलचा ३५८ च्या आसपास. पिएर क्यूरीने १८९५ च्या आपल्या प्रबंधात या बदलाचा पद्धतशीर अभ्यास मांडला, म्हणून त्याला क्यूरी तापमान म्हणतात.

फेराइटची गंमत अशी की तो लोहाच्या ऑक्साइडबरोबर मँगनीज, निकेल, जस्त अशी ऑक्साइडं मिसळून, दाबून, भट्टीत भाजून करतात आणि जस्ताचं प्रमाण वाढवलं की क्यूरी तापमान खाली येतं. म्हणजे हवा तो अंक मिश्रणातच ठरवता येतो. १०३ हा अंक कुठल्या स्क्रूने लावलेला नसतो, तो त्या चकतीच्या घडणीतच असतो. म्हणून तो हलत नाही, वर्षानुवर्षं सरकत नाही.

खालचा कायमचुंबकही फेराइटचाच असतो, पण स्ट्रॉन्शियम किंवा बेरियमचा. त्याचं क्यूरी तापमान ४५० च्या आसपास, त्याला १०३ ने काही फरक पडत नाही. दोन्ही चकत्या दिसायला सारख्याच काळ्या, पण एक ढासळण्यासाठी बनवलेली आणि दुसरी टिकण्यासाठी.

एक बारकावा. पकड १०३ ला एकदम दिवा विझावा तशी जात नाही. ९० च्या पुढे ती कमी होत जाते आणि शेवटच्या काही अंशांत कोसळते. स्प्रिंगचा जोर आणि उरलेली पकड जिथे बरोबरीला येतात तिथे कळ सुटते. त्यामुळे आतली स्प्रिंग ओढून लांब केली तर जोर वाढतो आणि कळ लवकर सुटते. स्प्रिंग गंजून मरगळली तर उशिरा. कारखान्यात ही जोडी जुळवलेली असते, म्हणून घरी स्प्रिंग ताणण्याचा प्रयोग करू नये.

पक्कड

मोदकपात्र ताई, तुमच्या दोन उलट लक्षणांना बहुतेक वेळा एकच कारण असतं. टोपीभोवतीची खळ.

प्लेटच्या मधल्या भोकात टोपी बसते तेव्हा तिच्या सभोवती मुद्दाम दोन-तीन मिलिमीटर मोकळी फट ठेवलेली असते. प्लेट टोपीपेक्षा बरीच तापते. टोपीला भांड्याचं तापमान कळावं, प्लेटचं नाही, म्हणून ही फट. भात उतू गेला की पेज त्या फटीत उतरते, वाळते, काळी होते. मग दोन गोष्टी होतात. एक, खळीतून प्लेटची उष्णता सरळ टोपीत शिरते आणि पाणी असतानाच कळ सुटते. दोन, खळीने टोपी चिकटून खालीच अडकते, भांड्याला टेकतच नाही, आणि बूड करपलं तरी तिला पत्ता नसतो. ज्या दिवशी टोपी जशी अडकेल तसा भात.

आधी प्लग काढा, कुकर पूर्ण गार होऊ द्या. टोपी बोटाने दाबा. ती सरळ खाली जाऊन लगेच, न रेंगाळता वर आली पाहिजे. तिरकी झाली, अर्ध्यात थांबली, करकरली तर निदान झालं.

साफ करायला पाणी ओतायचं नाही. बांबूची काडी किंवा आइस्क्रीमची लाकडी पट्टी घेऊन फट कोरून काढायची, कुकर उलटा धरून कण पाडायचे. टोपीच्या माथ्यावरचा काळा थर ३२० नंबरच्या बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने, मग घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने, मग कोरड्याने. प्लेटही तशीच. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं की टोपीचा पत्रा दबतो आणि मग ती भांड्याला सपाट टेकत नाही. ते नुकसान भरून येत नाही.

दुसरं कारण शिताचं. भांडं आणि प्लेट यांच्यामध्ये एखादं वाळलेलं शीत राहिलं की भांडं एका बाजूने उचललं जातं. प्लेटची उष्णता भांड्यात जात नाही, प्लेट स्वतः तापते, टोपी तापते, टक्. भात अर्धाकच्चा. म्हणून भांडं ठेवलं की दोन-तीन वेळा डावी-उजवीकडे फिरवून बसवायचं. पुस्तिकेत ते लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही. भांड्याचं बूड बाहेरून कोरडं पुसूनच ठेवायचं हेही त्यातच आलं.

मोदकपात्र

टोपी दाबली की जाते, पण वर येताना एका बाजूने आधी येते. फटीत काळं दिसतंय. आज साफ करते. भांड्याच्या बुडाला पोचा आहे असं वाटतं, तो कसा तपासायचा? सपाट ओट्यावर ठेवलं तर मध्ये थोडं उचललेलं दिसतं.

पक्कड

ओट्यावर तपासू नका, फसाल. बऱ्याच कुकरांची प्लेट किंचित फुगीर असते आणि भांड्याचं बूड त्याला जुळेल असं किंचित आत वळवलेलं असतं. मध्ये थोडं उचललेलं दिसणं हे कदाचित बरोबरच असेल.

खडूने बघा. गार प्लेटवर आणि टोपीवर पांढरा खडू सगळीकडे हलका घासा. भांडं ठेवा, पाव फेरा फिरवा, सरळ उचला. बुडावर पांढरा ठसा बाहेरच्या कडेपर्यंत सारखा हवा आणि मधोमध टोपीचा गोल स्पष्ट उमटला पाहिजे. मधला गोल नाही किंवा अर्धचंद्रच उमटला तर तिथे पोचा आहे. तपासून झालं की खडू पूर्ण पुसून टाका.

पोचा ठोकून काढायच्या भानगडीत पडू नका. आतला नॉनस्टिक थर उडतो आणि बूड पुन्हा त्या गोलाईत येत नाही. त्याच मॉडेलचं भांडं मिळतं, तेच घ्या.

फोडणीची_वाटी

विचारून घेते. मसालेभातासाठी कुकरमध्येच फोडणी करायची म्हटलं तर कळ सारखी वर येते. चमचा अडकवून दाबून ठेवली तर चालतं असं ऐकलंय. चालतं का?

चुंबकसूची

नाही. यात एक गोष्ट अशी आहे की ती समजली तर कोणी चमचा अडकवणार नाही.

तेल १०० वर थांबत नाही. मोहरी तडतडते तेव्हा तेल १०३ च्या कितीतरी पुढे गेलेलं असतं, त्यामुळे कळ सुटणं हे कुकरचं बरोबर वागणं आहे. आता घरच्या मीटरबोर्डावरचा, जास्त प्रवाह गेला की पडणारा एमसीबी आठवा. त्याची दांडी हाताने वर धरून ठेवली तरी आतला खटका सुटला की पॉइंट उघडतातच, दांडी आणि पॉइंट यांची तशी फारकत केलेली असते. कुकरच्या कळीत ही सोय नाही. कळ, पट्टी आणि पत्ती एकाच तुकड्यासारखी हलतात. कळ चमच्याने खाली धरली तर चुंबक सुटला काय, न सुटला काय, पॉइंट मिटलेलेच राहतात आणि प्लेट तापत राहते. मग तिला थांबवणारी एकच गोष्ट उरते, फार तापलं की वीज तोडणारा थर्मल फ्यूज, आणि तो एकदाच उपयोगी पडतो.

फोडणी कढल्यात करून, तांदूळ परतून, मग पाण्यासकट कुकरमध्ये घाला. पाणी पडलं की तळ पुन्हा १०० वर बांधला जातो.

आणखी एक. एकदा सुटलेली कळ लगेच दाबली तर धरत नाही, कारण फेराइट अजून गरम आहे. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं किंवा भांड्यात थोडं पाणी घालायचं. गरम कुकर कळ धरत नाही म्हणून कितीतरी लोक तो दुरुस्तीला नेतात, आणि तिथे पोचेपर्यंत तो गार होऊन नीट चालू लागतो.

भांडं नसताना कळ धरत नाही तेही बिघाड नव्हे. भांडं नसलं की बाहेरची मोठी स्प्रिंग टोपी वर ढकलते, फेराइट उंच जातं, चुंबक तिथवर पोचत नाही. बऱ्याच कुकरांत रिकामी प्लेट तापू नये म्हणून ही रचना मुद्दाम केलेली असते.

फोडणीची_वाटी

कळलं. चमचा बाद.

ओहमीटर

दोन दिव्यांवरून किती निदान होतं ते लिहितो, कुकर उघडायच्याही आधी.

साध्या कुकरात बहुतेकदा मुख्य कॉइल आणि गरम ठेवायची छोटी कॉइल एकामागोमाग जोडलेल्या असतात आणि कळीचे पॉइंट छोट्या कॉइलला समांतर असतात. पॉइंट मिटले की छोटी कॉइल बाजूला पडते, मुख्य कॉइलला पूर्ण २३० मिळतात. पॉइंट उघडले की प्रवाहाला दोन्हींतून जावं लागतं.

आकड्यात बघू. ७०० वॅटची कॉइल म्हणजे २३० × २३० ÷ ७०० = सुमारे ७६ ओहम. गरम ठेवताना एकूण ४० वॅट हवे असतील तर एकूण रोध सुमारे १३२० ओहम लागतो, म्हणजे छोटी कॉइल साधारण १२५० ची. त्या वेळी मुख्य कॉइलवर जेमतेम १३ व्होल्ट पडतात.

शिजवण्याचा दिवा मुख्य कॉइलला समांतर असतो, गरम ठेवण्याचा दिवा छोट्या कॉइलला. हे दिवे छोटे निऑन असतात आणि १३ व्होल्टवर निऑन पेटत नाही, म्हणून एका वेळी एकच दिवा लागतो. यावरून:

दोन्ही दिवे कधीच लागत नाहीत: वायर, प्लग किंवा थर्मल फ्यूज.

कळ खाली असो की वर, शिजवण्याचाच दिवा लागतो आणि काहीच तापत नाही: मुख्य कॉइल तुटली. दिव्याला छोट्या कॉइलमधून जवळजवळ पूर्ण व्होल्टेज मिळत राहतं. प्लेट नवीन घ्यावी लागते, कॉइल तिच्यात ओतलेली असते.

कळ वर आली तरी शिजवण्याचा दिवा चालू, आणि भात करपतोय: पॉइंट वितळून एकमेकांना चिकटले.

कळ खाली धरलीय पण दिवा गरम ठेवण्याचाच: पॉइंटवर कार्बन, किंवा पत्ती वाकून मिटत नाहीये.

कळ वर असताना गरम ठेवण्याचा दिवा लागतो पण भात गार पडतो: छोटी कॉइल तुटली. दिव्याचा प्रवाह इतका नगण्य की त्याला मुख्य कॉइलचे ७६ ओहम पुरतात.

काही कुकरांत छोट्या कॉइलऐवजी ६५-७० अंशांचा बायमेटल थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर वाकणाऱ्या दोन धातूंच्या पत्र्याचा खटका, पॉइंटना समांतर असतो. त्यात तो मुख्य कॉइलच मधूनमधून लावतो, आणि दिव्यांची ही सगळी कोष्टकं त्याला लागू होत नाहीत. तळ उघडून आधी जोडणी बघा.

सांडशी

पॉइंट चिकटतात कशाने? एवढी स्प्रिंग ओढत असते ना?

पक्कड

पॉइंट किती झटक्यात उघडतात त्यावर सगळं आहे. ७०० वॅटला ३ अँपिअर जातात. पॉइंट सावकाश विलग झाले तर मधल्या हवेत ठिणगी ताणली जाते, चांदीचा थर वितळतो, एका पॉइंटवर खड्डा आणि दुसऱ्यावर टेकडी होते. काही दिवसांनी टेकडी खड्ड्यात रुतते. चुंबक-स्प्रिंगच्या रचनेत पॉइंट एकदम उघडतात, म्हणून ते टिकतात. पण पट्टी ज्यावर कलते त्या खिळीत पेज गेली आणि पट्टी जड झाली की टक्ऐवजी सावकाश सरकते. पॉइंट जाण्याची सुरुवात तिथून होते.

कान ठेवा. 'टक्' कोरडा आणि एकच हवा. 'ट...क' असा ओढल्यासारखा किंवा दबका झाला तर तळ उघडून खीळ साफ करायची वेळ झाली. तेल घालायचं नाही, तेल तापून डिंक होतो.

पॉइंट साफ करायला जाड कोरा कागद दोन्हींच्या मध्ये धरून पत्ती हलकी दाबायची आणि कागद ओढायचा, काळी रेघ येईनाशी होईपर्यंत. खड्डे असतील तर १००० नंबरचा पेपर दोन-तीन वेळा. कानस नको, चांदीचा थर पातळ असतो, तो गेला की खालचं पितळ जळायला लागतं. थर गेलेला दिसला तर पत्तीचा पूर्ण सेट बदला.

अंशसेल्सिअस

बायमेटलचा विषय निघालाच आहे म्हणून, कारण फेराइटचा खटका आणि बायमेटल या दोन्हींना लोक एकाच नावाने, थर्मोस्टॅट म्हणून, ओळखतात.

बायमेटल म्हणजे वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंचे पत्रे एकमेकांना पक्के जोडलेले. तापले की कमी वाढणाऱ्या पत्र्याकडे वाकतात. कमी वाढणाऱ्या बाजूला बहुतेकदा ३६ टक्के निकेलचं पोलाद, म्हणजे इन्व्हार, जे पितळेच्या तुलनेत दहाव्या हिश्श्याहूनही कमी वाढतं. अठराव्या शतकात घड्याळं करणाऱ्या जॉन हॅरिसनने ही दुहेरी पट्टी समुद्रावरच्या घड्याळात थंडी-उष्णतेची चूक भरून काढायला वापरली.

साधी पट्टी हळूहळू वाकते आणि पक्कडदादांनी सांगितलेली ठिणगी ताणते. म्हणून त्या पत्र्याची बशीसारखी चकती करतात. ठरावीक तापमानापर्यंत बशी आकार धरून ताण साठवत राहते आणि मग एकदम उलटी होते. म्हणजे ती स्वतःच स्प्रिंग आणि स्वतःच खटका. बाजारात केएसडी ३०१ नावाने मिळणारा छोटा गोल थर्मोस्टॅट तो हाच. विजेच्या किटलीत जॉन सी. टेलर यांच्या उलटणाऱ्या बायमेटल पत्रीने हे काम जगभर पोचवलं.

मग राइस कुकरात शिजवणं थांबवायला बशी का नाही? कारण बशीची नेमकेपणाची मर्यादा. साध्या बशीत पाच अंश इकडेतिकडे चालवून घेतात आणि पुन्हा सरळ व्हायला ती बरीच गार व्हावी लागते. इथे उकळतं पाणी १०० आणि सुटण्याचा अंक १०३, मधली जागाच तीन अंशांची. ती फेराइटला जमते.

१९५५ मध्ये तोशिबाने जपानात पहिला यशस्वी स्वयंचलित राइस कुकर, ईआर-४, आणला तेव्हा मात्र त्यात बायमेटलच होता. म्हणून तो कुकर घडवणारे योशितादा मिनामी आणि त्यांच्या पत्नी फुमिको यांनी वेगळी वाट काढली. दोन भांडी, एकात एक. बाहेरच्यात मोजून पेलाभर पाणी. ते सुमारे वीस मिनिटांत आटलं की तापमान एकदम उसळतं आणि बायमेटल सुटतो. बायमेटलचा ढोबळपणा त्यांनी पाण्याच्या मापाने झाकला. फेराइटची चकती आली आणि बाहेरच्या भांड्याची गरज संपली.

चहाबाज

किटली मग १०० ला बंद होते कशी? तिच्यात तर पाणी संपत नाही.

चुंबकसूची

ती पाणी मोजतच नाही, वाफ मोजते. वरून एक वाट किंवा नळी मुठीत किंवा तळाशी असलेल्या बायमेटलपर्यंत वाफ आणते. वाफ जोरात यायला लागली की बशी उलटते आणि कळीला ढकलते. झाकण उघडं राहिलं की वाफ त्या वाटेला जात नाही आणि किटली उकळतच राहते. रिकामी किटली लावली तर तळाखालचा वेगळा बायमेटल वीज तोडतो.

उंबरगाव_ते_लेह

उंचीवर काय? लेहला ३५०० मीटरवर पाणी ८८ अंशांनाच उकळतं. कळ सुटेल की नाही?

अंशसेल्सिअस

सुटेल. पाणी संपल्यावर तळ ८८ वरून निघून १०३ ला पोचेल, फक्त मधला पल्ला तीनऐवजी पंधरा अंशांचा. त्यात बूड थोडं जास्त लागतं. खरी अडचण वेगळी, भात ८८ वर शिजतोय आणि पाणी संपलं की कळ सुटते. त्यामुळे दाणा कच्चा. तांदूळ अर्धा तास भिजवा, पाणी वाढवा, आणि कळ सुटल्यावर पंधरा-वीस मिनिटं झाकण उघडू नका. महाबळेश्वरला, १३५० मीटरच्या आसपास, पाणी ९५-९६ ला उकळतं. तिथे थोडं जास्त पाणी पुरतं.

एडिसनची_आमटी

अमेरिकेतला १२० व्होल्टचा ५०० वॅटचा कुकर भारतात न्यायचा आहे. नुसता पिनेचा जोड घालून चालेल?

ओहमीटर

नाही. त्याची कॉइल २९ ओहमची आहे. २३० व्होल्टवर ती १८०० वॅटच्या वर ओढेल. प्लेट भांड्याला तेवढ्या वेगाने उष्णता देऊ शकणार नाही, फ्यूज उडेल, तोवर बहुधा पॉइंटही गेलेले असतील. उलट इथला ७०० वॅटचा तिथे नेला तर जेमतेम १९० वॅट मिळतात, भात उकळीला येता येता लगदा होतो. तुमच्या कुकरला २३० चे १२० व्होल्ट करणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर कॉइलच्या वॅटपेक्षा मोठा घ्यावा लागेल, तो कुकरपेक्षा जड आणि महाग.

गावाकडे व्होल्टेज १८० वर येतं तेव्हा ७०० चे ४३० वॅट उरतात. वेळ वाढतो, पण कळ सुटते ती त्याच तापमानाला. चकतीला व्होल्टेज माहीत नाही.

सांडशी

थर्मल फ्यूज कसा बदलायचा? दुकानात 'वायरचा तुकडा लावून देतो' म्हणाले.

पक्कड

तुकडा लावू देऊ नका. तो फ्यूज म्हणजे शेवटची राखण आहे.

तोही स्प्रिंगचाच खटका, फक्त एकदाच चालणारा. चंदेरी नळीत मेणासारख्या पदार्थाची गोळी असते, तिने स्प्रिंग दाबून ठेवलेली असते आणि स्प्रिंगमुळे पॉइंट मिटलेले. गोळी वितळली की स्प्रिंग पसरते, पॉइंट कायमचे उघडतात. नळीवर तापमान आणि अँपिअर छापलेले असतात. जुन्यावर जो अंक आहे तोच घ्या, उदाहरणार्थ १७२ अंश, १० अँपिअर. 'जरा जास्तीचा' घेतला तर कधी उडायचं तेव्हा उडणार नाही, कमीचा घेतला तर रोजच्या तापाने गोळी झिजून अकाली जाईल.

सोल्डर करायचा नाही, सोल्डरिंगच्या उष्णतेनेच गोळी वितळते. टोकं तांब्याच्या किंवा पितळी थिंबलमध्ये घालून पकडीने दाबायची. तार वाकवायची तर नळीपासून ५ मिलिमीटर तरी सोडून, आणि नळीकडची तार पकडीत धरून. या प्रकारात नळीचा पत्रा एका तारेला आतून जोडलेला असतो, म्हणजे त्यात वीज असते. म्हणून ग्लास फायबरची स्लीव्ह घालून मगच जुन्या जागी, जुन्याच क्लिपखाली, प्लेटला लागून बसवायचा. मोकळा लोंबता ठेवला तर त्याला प्लेटचं तापमान कळत नाही.

फ्यूज का उडाला ते शोधल्याशिवाय नवा लावला तर तोही जातो. बहुतेकदा चिकटलेले पॉइंट किंवा अडकवलेला चमचा.

तळ बंद करण्याआधी मल्टीमीटरने अर्थच्या जाड पिनेपासून प्लेटपर्यंत १ ओहमच्या आत रोध येतो का बघा, आणि बाकी दोन पिनांपासून प्लेटपर्यंत काहीच वाचन येता कामा नये.

मोदकपात्र

फट कोरून काढली. जवळजवळ अर्धा चमचा काळी खळ निघाली, त्यात एक अख्खं शीत. टोपी आता सरळ वर येते. खडूचा ठसा कडेला सारखा, मधला गोलही पूर्ण. म्हणजे भांडं ठीक आहे ना? दिवे ओहमीटर सरांनी लिहिल्यासारखेच, एका वेळी एक. तांदूळ घालण्याआधी खात्री कशी करू?

ओहमीटर

भांडं ठीक आहे. १०० मिलिलिटर पाणी मोजून घाला, झाकण उघडं ठेवा, कळ दाबा आणि घड्याळ लावा. ३० अंशांचं एवढं पाणी तापवून पूर्ण आटवायला सुमारे २५५ किलोज्यूल लागतात, ७०० वॅटला ती सहा मिनिटं. भांडं आणि प्लेट तापवण्याची आणि वाया जाणारी धरून सात-साडेआठ मिनिटांत पाणी आटेल. शेवटचा थेंब गेल्यावर मिनिटभराच्या आत टक् झालं पाहिजे. पाणी असताना सुटली तर टोपीला अजून प्लेटची उष्णता मिळतेय. आटल्यावर दोन मिनिटं होऊनही सुटली नाही तर लगेच प्लग काढा, कोरडं भांडं तापवत ठेवू नका.

मोदकपात्र

पाणी ७ मिनिटं ५० सेकंदांना आटलं, टक् ८ मिनिटं २० ला. गार करून पुन्हा केलं, ८ मिनिटं २५. आवाज कोरडा, एकच.

पक्कड

मग थर्मोस्टॅट गेलेला नाही ताई, बदलू नका. आठवड्यातून एकदा टोपी दाबून बघत जा, आणि भात उतू जात असेल तर तांदूळ दोन पाण्यांऐवजी तीन पाण्यांनी धुवा. वरचा पिठूळपणा गेला की फेस कमी येतो आणि फटीत पेज उतरत नाही.